यंत्रासोबत त्याची पुढची वर्षंही द्या: किलिमांजारोवर निघालेल्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांचे पदाधिकारी,
आणि रुग्णालयांना यंत्रं देण्यासाठी निधी जमवत किलिमांजारोवर निघालेले सगळे

सस्नेह नमस्कार.

२६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की माझ्या फोनवर आवाहनं यायला लागतात. कुणी पुण्याहून, कुणी साताऱ्याहून, कुणी नागपूरहून आफ्रिकेतल्या, टांझानियातल्या किलिमांजारोला निघालेलं असतं. शिखरावर तिरंगा फडकवायचा असतो आणि त्याच्या जोडीला एखाद्या ग्रामीण रुग्णालयासाठी पैसे उभे करायचे असतात. शिखराची उंची ५८९५ मीटर, म्हणून मीटरमागे एक रुपया द्या, दहा द्या, ज्याला जसं झेपेल तसं. कुणाला नवजात बाळांना ऊब देणारा वॉर्मर घ्यायचा असतो, कुणाला व्हेंटिलेटर, कुणाला डायलिसिसचं मशिन. मी देते, यापुढेही देईन. पण अशी आवाहनं लिहिणाऱ्यांशी सविस्तर बोलायचं कधीपासून मनात होतं, म्हणून हे पत्र.

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. रुग्णालयातली यंत्रं बसवणं, तपासणं, बिघडली की दुरुस्त करणं हे माझं काम. नाशिक-अहिल्यानगरच्या घाटाकडच्या भागात, सरकारी आणि ट्रस्टच्या लहान रुग्णालयांमध्ये माझे दिवस जातात. सुट्टी मिळाली की मी डोंगरात असते, आणि किलिमांजारोही चढून आले आहे. त्यामुळे तुमच्या मोहिमेची दोन्ही टोकं मला जवळून माहीत आहेत.

आधी तुमच्या ताकदीबद्दल सांगते, कारण ती तुम्हाला पुरती कळलेली आहे असं मला वाटत नाही. आदिवासी भागातल्या एखाद्या रुग्णालयाचे डॉक्टर काविळीच्या बाळांसाठीच्या एका फोटोथेरपी युनिटसाठी वर्षभर पत्रं लिहीत असतात. कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांकडे खेटे घालतात, आमदारांना भेटतात, प्रस्ताव पुढच्या आर्थिक वर्षात ढकलला जातो. आणि तुमच्यापैकी एखादी मुलगी फोटोसकट चार ओळी लिहिते, ‘मी चढतेय, तुम्ही साथ द्या’, की तीन आठवड्यांत तेवढे पैसे जमतात. तिच्या शाळेतल्या बाई पाचशे रुपये पाठवतात, ऑफिसातला शिपाई शंभर देतो, दुबईतला मामा मोठी रक्कम टाकतो. आपल्या माणसाचे कष्ट दिसले की आपल्या लोकांचा हात खिशात जातो. ही माया खरी आहे आणि ती वाया जाऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

पहिली गोष्ट डोंगरावरची. देणगी शिखराशी बांधू नका.

‘शिखर गाठलं तर अमुक एक रक्कम’, ‘प्रत्येक मीटरमागे तमुक’ हे ऐकायला छान वाटतं. पण ५००० मीटरच्या वर, मध्यरात्रीच्या थंडीत हा हिशेब माणसाच्या डोक्यात घोळत राहतो आणि घात करतो. आमच्या तुकडीत एक गृहस्थ होते. बराफू या शिखराआधीच्या शेवटच्या कॅम्पवरून आम्ही मध्यरात्रीच्या सुमारास निघालो. वर-खाली सगळीकडे हेडलॅम्पचे ठिपके, पायाखाली घसरडी खडी, पाण्याच्या नळीत बर्फ धरलेला. दोनेक तासांनी ते काठ्यांवर जास्तच रेलायला लागले, बोलताना शब्द अडखळायला लागले. गाइडने त्यांना थांबवून काठ्या काढून घेतल्या आणि एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तोल गेला. मेंदूला सूज यायला लागल्याची ही खूण, आणि तिच्यावरचा खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. ते मात्र तयार होईनात. ‘लोकांनी पैसे दिलेत, मी असा कसा परत फिरू?’ हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. गाइडने वाद घातला नाही. त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरला, त्यांना उताराकडे वळवलं आणि सोबत एक मदतनीस दिला. आम्ही परत आलो तेव्हा ते खालच्या कॅम्पवर सूप पीत बसलेले होते, पूर्ण शुद्धीत. आणखी दोन तास चढले असते तर काय झालं असतं, ते मला लिहायचं नाही.

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्माच. शरीर हे सोसतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. म्हणूनच मचामे किंवा लेमोशोच्या वाटेवर लाव्हा टॉवरपर्यंत, साधारण ४६०० मीटरवर, नेऊन त्याच दिवशी बारांकोच्या कॅम्पला खाली झोपायला आणतात. पैसे वाचवायचे म्हणून पाच दिवसांची घाईची मोहीम घेणारे मी पाहिले आहेत. ही काटकसर करू नका. सात-आठ दिवस घ्या. आणि आवाहनात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा की ही देणगी रुग्णालयासाठी आहे, मी शिखरावर पोहोचले काय आणि बराफूवरून परतले काय, ती पूर्ण रुग्णालयाला जाईल. देणारा माणूस यावर कधीच कुरकुर करत नाही. त्याने बाळांसाठी पैसे दिलेले असतात.

खर्चाचंही तिथेच स्पष्ट करा. विमान, पार्कची फी, गाइड, कपडे हे सगळं स्वतःच्या खिशातून किंवा प्रायोजकाकडून, आणि जमलेल्या निधीला हात लागणार नाही. बहुतेक जण असंच करतात, पण लिहीत नाहीत, आणि मग गावात कुजबुज होते की लोकांच्या पैशावर आफ्रिका फिरून आले. चांगल्या माणसांच्या वाट्याला हे येतं तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता दुसरं टोक.

डोंगरावर रोज संध्याकाळी जेवणाच्या तंबूत गाइड प्रत्येकाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहितो. या उपकरणामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७०च्या दशकात शोधलं. बोटातून जाणाऱ्या प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा, सुई न टोचता. बराफूला आमचे आकडे ऐंशीच्या घरात होते आणि कुणी घाबरलं नाही, कारण आम्ही तरणेताठे होतो, शरीर हळूहळू सरावलं होतं आणि काही बिनसलं तर उतरायला वाट होती. तेच उपकरण मी परतल्यावर नवजात कक्षात दीड किलोच्या बाळाच्या तळपायाला लावलेलं पाहते. तिथे ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आकडा ९० ते ९५ च्या मध्ये राखायची सिस्टरची धडपड चाललेली असते. खाली गेला तर मेंदूला धोका, आणि फार वर राहिला तर जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा. या बाळाला उतरून जायला कुठली वाट नाही. जे काही आहे ते त्या खोलीतल्या यंत्रांवर आणि ती चालवणाऱ्या दोन हातांवर.

आणि त्याच इमारतीत मागच्या बाजूला एक स्टोअर असतं. तिथे चादरीखाली झाकलेली यंत्रं असतात. एका रुग्णालयात मला एक वॉर्मर दाखवला. पॅनेलवरची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म अजून तशीच होती, बाजूला देणगीदारांच्या नावांची पितळी पाटी. यंत्र ठणठणीत होतं. फक्त बाळाच्या पोटावर चिकटवायचा तापमान मोजणारा प्रोब तुटला होता. वायर वाकून वाकून आतून तुटते, हे सगळ्याच प्रोबचं होतं. प्रोब काही हजारांचा. पण तो कुणी आणायचा, कुठल्या खात्यातून, कुठल्या दुकानातून, हे ठरलेलंच नव्हतं. प्रोबशिवाय वॉर्मर स्वतःहून उष्णता कमी-जास्त करू शकत नाही. मग सिस्टरला हाताने उष्णता ठरवावी लागते आणि दर थोड्या वेळाने थर्मामीटर लावावा लागतो, कारण बाळ ३६.५ ते ३७.५ अंशांच्या बाहेर जाता कामा नये. रात्रपाळीला एकटी सिस्टर, आठ बाळं. तिने तो वॉर्मर बंद करून बाजूला ठेवला, आणि तिने बरोबर केलं.

ही एखाद-दुसऱ्या ठिकाणची गोष्ट नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये यंत्रांच्या देखभालीचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यासाठी सरकारी आरोग्य संस्थांमधल्या यंत्रांची मोजदाद झाली. त्यात वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद स्थितीत सापडली. जागतिक आरोग्य संघटनाही देणगीत आलेल्या यंत्रांबद्दल वर्षानुवर्षं हेच सांगते आहे. देताना मॅन्युअल नाही, सुटे भाग नाहीत, शिकवणारं कुणी नाही, आणि मग यंत्र पडून राहतं.

पडून राहण्याची कारणं फार साधी असतात, म्हणूनच जिवाला लागतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत लोकांनी भरभरून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिले. त्या यंत्रात झिओलाइटच्या दाण्यांचे डबे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. पण हे दाणे दमटपणाही शोषतात. महिनोन्‌महिने न चालवता, कोकणातल्या किंवा आमच्या इगतपुरीच्या पावसाळ्यात खोलीत ठेवलं तर ते खराब होतात. मग यंत्र सुरू केलं की घरघरतं, नळीतून हवाही येते, फक्त त्या हवेत ऑक्सिजन पुरेसा नसतो. हे डोळ्यांना दिसत नाही, मोजूनच कळतं. फोटोथेरपीचंही तसंच. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या प्रकाशात ठेवतात. जुन्या सीएफएल नळ्या दोन हजार तासांच्या पुढे मंदावत जातात, तरी दिसायला निळ्याच दिसतात. आईला वाटतं बाळावर उपचार चालू आहेत, आणि रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, उतरत नसतं. प्रकाशाची तीव्रता मोजायचा मीटर त्या रुग्णालयात नसतो, कारण मीटर कुणी देणगीत देत नाही. त्याच्या फोटोत काही दिसत नाही.

हे वाक्य कडवट वाटेल, पण मी ते आरोप म्हणून लिहिलेलं नाही. देणारा माणूस दिसणारी वस्तू देतो, ते स्वाभाविक आहे. न दिसणारी वस्तू मागायची जबाबदारी तुमची, कारण लोक तुमचं ऐकतात.

विजेबद्दल जरा थांबून सांगते. माझ्या पिशवीत कायम मल्टिमीटर असतो. नवं यंत्र जिथे ठेवायचं त्या सॉकेटवर मी आधी न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधला व्होल्टेज बघते. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. गावाकडच्या जुन्या इमारतीत कधीकधी तो त्याच्या कितीतरी पट निघतो, कारण अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. त्याच्यात पाणी, मीठ, कोळसा घालायला कुणी गेलेलंच नसतं. अशा सॉकेटला लाखोंचं यंत्र लावलं तर बोर्ड जळतो, आणि त्याहून वाईटही घडू शकतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. नाशिकची ती दुपार आमच्या क्षेत्रातलं कुणीही विसरणार नाही. यंत्र म्हणजे फक्त ती पेटी नसते. तिच्या मागची वायर, भिंतीतली नळी, छतावरचा जनरेटर, आणि हे सगळं ठरल्या तारखेला तपासणारा माणूस मिळून ते यंत्र होतं.

म्हणून माझी मागणी अशी: यंत्राच्या किमतीएवढे पैसे मागू नका, त्याच्या पुढच्या सात वर्षांएवढे मागा.

आकड्यांत सांगते. समजा यंत्र पाच लाखांचं आहे आणि कंपनी दोन वर्षांची वॉरंटी देते. त्यानंतर सुट्या भागांसकट देखभालीचा करार, ज्याला आम्ही सीएमसी म्हणतो, वर्षाला किमतीच्या सहा टक्क्यांना मिळाला तर तीस हजार. पाच वर्षांचे दीड लाख. त्यात स्टॅबिलायझर, अर्थिंगची दुरुस्ती, दोन जादा प्रोब, फिल्टर आणि सिस्टर्सच्या प्रशिक्षणाचा खर्च धरा. साडेसात लाखांचं आवाहन करा आणि लोकांना हाच हिशेब दाखवा. दोन यंत्रांऐवजी एकच देता आलं तर एकच द्या. आणि सीएमसीचा दर यंत्र घेण्याआधीच, कोटेशनमध्येच लिहून घ्या. एकदा यंत्र वॉर्डात लागलं की घासाघीस करायची तुमची ताकद संपते.

कुठलं यंत्र, हे तुम्ही ठरवू नका. रुग्णालयाच्या अध्यक्षांनाही एकट्याने ठरवू देऊ नका. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा. दुपारी तीनच्या सुमारास जा, ओपीडीची गर्दी ओसरलेली असते. ‘सिस्टर, मागच्या महिन्यात कुठल्या बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं आणि का?’ एवढंच विचारा आणि ऐकत बसा. व्हेंटिलेटरचं नाव त्या क्वचितच घेतील. व्हेंटिलेटर चालवायला चोवीस तास प्रशिक्षित डॉक्टर लागतो, तो नसेल तर यंत्र आहे पण रुग्ण तरी नाशिकलाच पाठवावा लागतो. त्या बहुतेक बबल सीपॅप, म्हणजे बाळाच्या नाकातून हलक्या दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं साधं उपकरण, सांगतील, आणि जाणकार असतील तर त्याच्यासोबत हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळणारा ब्लेंडर सांगतील, बाळांच्या डोळ्यांसाठी. कुणी सक्शन मशिन सांगेल. एका सिस्टरनी मला सांगितलं होतं, ‘मॅडम, मशिन नको, इन्व्हर्टर द्या. लाइट गेल्यावर जनरेटर चालू होईपर्यंत माझा जीव वर-खाली होतो.’ त्या इन्व्हर्टरसाठी डोंगर चढायला तुमच्यापैकी कोण तयार आहे? माझ्या लेखी ती मोहीम कुठल्याही व्हेंटिलेटरच्या तोडीची आहे.

लॅबची यंत्रं घेताना आणखी सावध राहा. रक्ततपासणीचे काही ऑटो-अ‍ॅनलायझर फक्त त्याच कंपनीच्या रिएजंटवर, म्हणजे तपासणीच्या रसायनांवर, चालतात. यंत्र स्वस्तात, कधी फुकटसुद्धा मिळतं, आणि मग दरवर्षी रिएजंटचा खर्च रुग्णालयाला झेपत नाही. डायलिसिसचं यंत्र घ्यायचं तर आधी पाण्याचा विचार करा. आरओ प्लांटशिवाय ते बसवताच येत नाही, आणि उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात ही गोष्ट टेबलावर पहिली यायला हवी.

कागदपत्रांचं थोडक्यात. सरकारी रुग्णालयाला द्यायचं तर रुग्ण कल्याण समितीमार्फत द्या, स्वीकृतीचं पत्र घ्या आणि यंत्राची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे रुग्णालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, झालेली स्वतः बघा. नोंद नसेल तर सरकारी देखभालीच्या यादीतही ते अनेकदा येत नाही, आणि पुढे मोडीत काढायची वेळ आली तरी निर्लेखनाची फाइल पुढे सरकत नाही. ट्रस्टचं रुग्णालय असेल तर देणगीदारांना आयकर सवलतीच्या पावत्या वेळेत मिळतील एवढं पाहा.

तुम्ही म्हणाल, आम्ही गिर्यारोहक, आम्हाला एवढ्या भानगडीत कशाला पाडता? पण या वाटेवर सगळ्यात पुढे चालून गेलेला माणूस आपल्यातलाच होता. एडमंड हिलरींनी १९५३ मध्ये तेनझिंग नोर्गेंबरोबर एव्हरेस्ट चढल्यावर नेपाळच्या खुंबू भागातल्या शेर्पांच्या गावांना काय हवं ते विचारलं. १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा झाली, १९६६ मध्ये कुंदेला, ३८४० मीटरवर, रुग्णालय. खुंबूत तेव्हा आयोडिनच्या कमतरतेने गलगंड घरोघरी होता आणि मंद वाढीची मुलं जन्माला येत. त्या रुग्णालयाने आयोडिनयुक्त तेलाची इंजेक्शनं देऊन ते चित्र पालटलं. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. हिलरी इमारत बांधून निघून गेले नाहीत. त्यांचा हिमालयन ट्रस्ट दरवर्षी औषधांचे, पगारांचे, दुरुस्तीचे पैसे गोळा करत राहिला. न्यूझीलंड आणि कॅनडातले डॉक्टर पाळीपाळीने तिथे येऊन राहिले. आणि त्याच रुग्णालयात आरोग्यसेवक म्हणून कामाला लागलेले कामी तेम्बा शेर्पा पुढे फिजीला जाऊन डॉक्टर झाले आणि परत येऊन त्याच रुग्णालयाचे प्रमुख झाले. हिलरी २००८ साली गेले, कुंदेचं रुग्णालय राहिलं. एव्हरेस्ट एकदा चढले आणि त्यानंतरची पन्नास वर्षं या कामाला दिली, म्हणून ते राहिलं.

आपल्याला पन्नास वर्षं नकोत. सात द्या.

पोर्टर, म्हणजे डोंगरावर आपलं सामान वाहणाऱ्या, लोकांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. आपला तंबू, आपलं जेवण, आपला झेंडासुद्धा बऱ्याचदा त्यांच्याच डोक्यावरून वर जातो. किलिमांजारोवर एका पोर्टरने २० किलोंपेक्षा जास्त ओझं वाहू नये असा नियम आहे आणि गेटवर ओझं तोललं जातं, तरीही ठरलेली मजुरी न देणाऱ्या, एका पातळ तंबूत दाटीवाटीने झोपवणाऱ्या कंपन्या आहेत. स्वस्त पॅकेज स्वस्त कशामुळे आहे, ते विचारा. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची तिथली संस्था पोर्टरना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. बुकिंग करण्याआधी ती बघा. आमच्या बरोबरच्या एका मुलाच्या पायात फाटके कॅनव्हासचे बूट होते आणि तो आमच्या पुढे दोन तास कॅम्पला पोहोचून चहा करून ठेवायचा. घरच्या रुग्णालयासाठी पैसे जमवताना डोंगरावर कुणाची तब्येत मोडत असेल तर त्या पैशाला डाग लागतो. परतताना जाकिटं, हातमोजे, बूट तिथेच देऊन या. आणि पायथ्याच्या मोशी शहरात उतरल्यावर वेळ असेल तर केसीएमसीच्या आवारात एक चक्कर मारा. उत्तर टांझानियाचं ते मोठं रुग्णालय १९७१ पासून चालू आहे. बाहेर झाडाखाली डबे घेऊन बसलेले नातेवाईक पाहिले की आपल्या सिव्हिलच्या आवारातच उभं असल्यासारखं वाटतं.

गिर्यारोहण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळी विनंती आहे. तुमच्या नावावर, तुमच्या लेटरहेडवर ही आवाहनं निघतात. मोहिमेला परवानगी देताना तुम्ही वैद्यकीय दाखला मागता, विमा मागता. त्याच यादीत आणखी एक कागद घाला: रुग्णालयाच्या इन्चार्ज सिस्टर आणि बायोमेडिकल इंजिनिअर यांच्या सहीचं मागणीपत्र, ज्यात यंत्र, जागा, वीज, देखभालीचा करार आणि शिकवायची जबाबदारी कुणाची, हे लिहिलेलं असेल. तो नसेल तर संस्थेचं नाव वापरू देऊ नका. आणि मोहिमेच्या सत्काराला जसा हॉल घेता, तसा वर्षभराने अर्धा तास काढा. चढून आलेल्यांनी रुग्णालयात जाऊन यंत्र चालू आहे का, किती बाळांना लागलं, काय मोडलं, हे बघून यावं आणि देणगीदारांना कळवावं. बंद पडलेलं असेल तर तेही कळवावं. बंद का पडलं हे शंभर रुपये देणाऱ्या शिपायालाही कळायचा हक्क आहे, आणि बहुतेक वेळा तोच पहिला म्हणतो, ‘मग दुरुस्तीला किती लागतील?’

सप्टेंबरपासून तुमच्या जानेवारीच्या मोहिमांची आवाहनं निघायला लागतील. त्याआधी मसुदा तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या बायोमेडिकल इंजिनिअरला दाखवा. जिल्हा रुग्णालयात चौकशी केलीत तर कुणीतरी नक्की भेटेल. नाशिक आणि अहिल्यानगरच्या अकोले तालुक्याकडच्या मोहिमांचं मी स्वतः बघेन. कोटेशन वाचून देईन, सीएमसीच्या अटी तपासेन, सॉकेट आणि अर्थिंग बघायला रविवारी येईन, यंत्र आल्यावर तिन्ही पाळ्यांच्या सिस्टर्सना शिकवायला उभी राहीन. त्याचे पैसे नकोत. तारीख मात्र महिनाभर आधी कळवा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टर्सनाही बसता येईल असं वेळापत्रक लावता येईल.

आपली,
डोंगरात भेटणारी एक बायोमेडिकल इंजिनिअर,
नाशिक